जुन्या पीसीवर फायरवॉल टाकलाय आणि हार्डवेअर साथ देत नाहीये? कुठून बघायला सुरुवात करायची ते क्रमाने

जुना पीसी पडून असतो, त्यात एक जास्तीचं लॅनकार्ड टाकायचं, पेनड्राइव्हवरून पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स (पीसीचा फायरवॉल बनवणारी सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करायचं आणि झाला फायरवॉल, म्हणजे घरचं नेट आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी, तयार, इतकं ते सोपं वाटतं आणि बऱ्याच जणांचं खरंच तेवढ्यात होतंही. पण ज्यांचं होत नाही त्यांचे फार हाल होतात, कारण मशीन चालू दिसतं, वेब पेज उघडतं, नेटही मिळतं आणि मग मध्येच सगळं गप्प. माझं नेमकं हेच झालं होतं. रोज कधीतरी नेट जायचं, रिबूट केलं की यायचं, आणि मी तीन आठवडे फायरवॉलचे रूल्स, म्हणजे कोणाला आत-बाहेर सोडायचं ते नियम, उलटेपालटे करत बसलो, दोनदा सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल केलं. शेवटी मॉनिटर लावून बघितलं तर स्क्रीनवर लॅनकार्डाचा एकच एरर ओळीने शंभर वेळा आलेला होता. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त मी कधी मॉनिटरच लावला नव्हता.

म्हणून हे लिहितोय. माझं सांगणं एकच आहे, रूल्सना हात लावायच्या आधी मशीन स्वतः काय सांगतंय ते वाचा आणि खालून वर जा, म्हणजे आधी वीज आणि रॅम, मग बायोस (बोर्डाचं स्वतःचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर), मग ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), मग केबल, आणि सेटिंग सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात परत बिघडलं की तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

अजून एक, मी कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच करायच्या. जिथे गोंधळ होईल तिथे स्पेलिंग फोडून दिलंय.

हाताशी काय काय ठेवायचं

- मॉनिटर आणि कीबोर्ड. जुन्या बोर्डाला पीएस/२ चा गोल पोर्ट असेल तर तसला कीबोर्ड मिळवा, यूएसबी कीबोर्ड काही बायोसमध्ये बूट मेन्यूला चालतच नाही
- दोन पेनड्राइव्ह, एकावर इन्स्टॉलर, दुसऱ्यावर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम
- एक जास्तीचं लॅनकार्ड, जमलं तर इंटेलच्या चिपचं
- दोन नेटवर्क केबल, ज्या दुसरीकडे नीट चालतात हे तुम्ही स्वतः बघितलंय अशा
- सीआर२०३२ सेल (बोर्डावरचा नाण्यासारखा), खोडरबर, स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश
- मोबाइलच्या नेटवर चालणारा लॅपटॉप किंवा फोन, कारण फायरवॉल बंद असताना घरातलं नेटही बंदच असणार आणि शोधायचं तर तेव्हाच असतं
- वही आणि पेन. खरंच. काय बदललं, किती वाजता बदललं, काय झालं, एवढं लिहा
- आधीपासून चालू सेटअप असेल तर कॉन्फिगरेशनचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या, आत्ताच

१. हे मशीन मुळात चालणार आहे का

पहिला प्रश्न, प्रोसेसर ६४-बिट आहे का. पीएफसेन्सने २.४ या व्हर्जनपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून, ३२-बिट सोडून दिलं, आणि ओपीएनसेन्सच्या आजच्या इमेजही (इन्स्टॉल करायच्या फाइली) ६४-बिटच्याच आहेत. कोअर टू ड्युओ असेल तर काळजी नाही. पण नावात फसू नका, नुसता कोअर ड्युओ, ज्यात टू नाही, तो ३२-बिट आहे. छोट्या नेटबुकमध्ये यायचा तो ॲटम एन२७० पण ३२-बिट. पेन्टियम ४ मध्ये सुरुवातीचे सगळे ३२-बिट आणि नंतरचे काही ६४-बिट, त्यामुळे नेमका मॉडेल नंबर बघावा लागतो. चुकीच्या प्रोसेसरवर इन्स्टॉलर टाकला तर तो लाँग मोड सपोर्ट नाही असा मेसेज देऊन थांबतो. हा मेसेज आला तर बायोस, रॅम, पेनड्राइव्ह काहीही बदलून उपयोग नाही, तिथेच थांबा.

मग ३२-बिटवाल्यांनी काय करायचं? पीएफसेन्सचं जुनं २.३ शोधून टाकू नका, त्याचे सिक्युरिटी अपडेट २०१८ मध्येच बंद झालेत, आणि फायरवॉलच जुना आणि भोकं पडलेला असेल तर तो लावून काय मिळवलं. त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी, हे राउटरसाठीचं दुसरं सॉफ्टवेअर, बघा, त्याच्या ३२-बिट पीसीसाठी वेगळ्या इमेज असतात आणि रॅमही अगदी कमी लागते.

दुसरी भीती एईएस-एनआयची, म्हणजे एन्क्रिप्शन जलद करणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीची. पीएफसेन्स २.५ ला प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय सक्तीचं होणार असं २०१७ मध्ये जाहीर झालं होतं, त्या धाकाने लोकांनी चांगली मशीन टाकून दिली. ती सक्ती नंतर मागे घेतली गेली. एईएस-एनआय असेल तर व्हीपीएन जोरात चालतं, नसेल तर हळू चालतं, पण फायरवॉल चालतो.

रॅम ओपीएनसेन्सला किमान २ जीबी धरा, ४ असेल तर निवांत. पीएफसेन्स १ जीबीवर उभं राहतं. रॅम कमी असेल तर इन्स्टॉल करताना डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत झेडएफएस न घेता यूएफएस घ्या.

२. इन्स्टॉलरच बूट होत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक ज्यात अडकतात ते हार्डवेअर नसतंच, चुकीची इमेज असते. डाउनलोड करताना व्हीजीए आणि सिरियल असे पर्याय येतात. साध्या मॉनिटरला व्हीजीएवाली हवी. सिरियलवाली घेतली तर सुरुवातीच्या दोन-चार ओळी दिसतात आणि मग स्क्रीन मेल्यासारखा गप्प होतो, आत मात्र सगळं चालू असतं, फक्त ते सगळं जुन्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर जात असतं. मॉनिटर कुठलाही जोडा, एचडीएमआयवर असला तरी इमेज व्हीजीएवालीच.

इमेज पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफस किंवा एचरसारख्या टूलने लिहावी लागते. डाउनलोड केलेली फाइल झिपसारखी कॉम्प्रेस केलेली असेल तर आधी उघडून घ्या. पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २.० पोर्टला लावा, निळ्या ३.० पोर्टला नको, आणि पुढच्या पॅनेलला तर नकोच, त्या वायरी जुन्या डब्यांत फार ढिल्या असतात.

आता एक खास अडचण. मेन्यू येतो, ओळी धावतात आणि मग मशीन माउंटरूट असं विचारत थांबतं. याचा अर्थ असा की पेनड्राइव्ह वाचून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वर आणण्याचं काम बायोसने केलं, पण कर्नलने स्वतःच्या ड्रायव्हरने तीच पेनड्राइव्ह शोधली तेव्हा ती अजून जागी झाली नव्हती. उपाय, बूट मेन्यूत लोडर प्रॉम्प्टला, म्हणजे सिस्टिम सुरू व्हायच्या आधी कमांड लिहायच्या जागी, जायचा पर्याय असतो तो घ्या आणि लिहा, सेट, स्पेस, कर्न डॉट कॅम डॉट बूट अंडरस्कोर डिले, बरोबर, १००००. मग बूट. कर्नचं स्पेलिंग के-ई-आर-एन. आकडा मिलिसेकंदात आहे, म्हणजे दहा सेकंद थांब असं सांगतोय आपण. जुन्या मशीनवर एवढ्याने काम होतं, माझं दोनदा झालंय.

मेन्यूनंतर स्क्रीन काळी पडली आणि इमेज व्हीजीएचीच असेल तर त्याच प्रॉम्प्टवर कर्न डॉट व्हीटीवाय बरोबर एससी असं देऊन बघा, जुन्या ग्राफिक्सला जुना कन्सोल जास्त मानवतो.

आणि हो, पीएफसेन्सचा हल्लीचा इन्स्टॉलर इन्स्टॉल होतानाच नेटवरून फाइली ओढतो. म्हणजे लॅनकार्ड ओळखलं गेलं नाही तर इन्स्टॉलच पुरं होत नाही. अशा वेळी ओळखीचं चालणारं कार्ड लावून इन्स्टॉल करा आणि भांडण नंतर करा.

३. डबा उघडा

हे लोक टाळतात. मी पण टाळलं होतं. पण जुन्या मशीनमध्ये निम्मे त्रास इथेच सापडतात असा माझा अनुभव आहे, आणि याला पंधरा मिनिटं पुरतात.

प्लग काढा. बोर्डावरचे कपॅसिटर बघा, वरचं टोपण सपाट असायला हवं, फुगलेलं असेल किंवा तपकिरी काहीतरी बाहेर आलेलं असेल तर तो बोर्ड फायरवॉलसाठी नको. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांवर खराब कपॅसिटरची साथच आली होती, आणि आपण जुना पीसी म्हणतो ते बरेचदा याच काळातले. असा बोर्ड चालू होतो, दोन दिवस चालतो आणि मग कारण नसताना हँग होतो, तुम्ही ड्रायव्हर बदलत राहता.

रॅम काढा, सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या घासा, पुसा, परत लावा. लॅनकार्डाच्याही तशाच. पंख्यांतली धूळ काढा. प्रोसेसरची थर्मल पेस्ट दहा वर्षांची असेल तर ती सुकून खडू झालेली असते, नवीन लावा.

सेल बदला. हा मुद्दा लहान वाटतो पण आहे मोठा. बायोसचा सेल मेला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की सर्टिफिकेट (सर्व्हरची डिजिटल ओळखपत्रं) चुकीची वाटायला लागतात, मग अपडेट होत नाही, पॅकेजची यादी येत नाही, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, टीएलएसने एन्क्रिप्ट केलेलं असेल तर नावं सापडत नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लॅनकार्डच गंडलंय. शिवाय बायोसमध्ये तुम्ही केलेले सगळे बदल पण पुसले जातात.

मग मेमटेस्ट लावा आणि रात्रभर चालू द्या. दहा मिनिटं चालवून ठीक आहे म्हणू नका. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅम बाहेर. पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, तपासायचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा चालणारा लावून बघणं.

४. बायोसमध्ये काय बदलायचं

आधी डिफॉल्ट लोड करा, म्हणजे आधीच्या मालकाने केलेलं ओव्हरक्लॉक वगैरे निघून जाईल. मग एकेक करून,

- साउंड, पॅरलल पोर्ट, फ्लॉपी, फायरवायर, जे लागणार नाही ते बंद. जुन्या बोर्डावर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ओळी, मोजकेच असतात, नको त्यांना कशाला द्यायचे
- प्लग अँड प्ले ओएस असा पर्याय असेल तर नो
- साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ठेवा, डिस्क दिसली नाही तरच आयडीई करून बघा
- वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं हा पर्याय ऑन
- हॉल्ट ऑन नावाचा पर्याय नो एरर्सवर, नाहीतर कीबोर्ड काढला की पुढच्या बूटला मशीन कीबोर्ड नाही म्हणून अडून बसतं आणि तुम्ही घरी नसता
- बिनकारण हँग होत असेल तर सी१ई आणि खोल सी-स्टेट (वीज वाचवायला प्रोसेसर झोपतो ते) बंद करून दोन दिवस बघा

बायोसचं नवं व्हर्जन बोर्डाच्या कंपनीकडे असेल तर तेही घ्या, पण चालू असताना वीज जाणार नाही अशा वेळी.

५. मशीन काय म्हणतंय ते वाचा

कन्सोलवर, म्हणजे मशीनला जोडलेल्या मॉनिटरवरच्या मेन्यूत, पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स दोन्हींत ८ नंबरला शेल (कमांड लिहायची जागा) असतो, तिथे जा. डीमेसेज म्हणजे डी-एम-ई-एस-जी ही कमांड द्या, बूट होताना काय काय सापडलं ते सगळं येतं. लांबलचक असतं, घाबरू नका, फक्त फेल, टाइमआउट, एरर आणि स्टॉर्म हे शब्द शोधा.

मग पीसीआयकॉन्फ, स्पेस, मायनस एल व्ही. ही बोर्डावर जोडलेल्या सगळ्या चिप्सची यादी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव असतं. ज्या ओळीची सुरुवात नन ने होते तिला ड्रायव्हर मिळालेला नाही, आणि ती ओळ जर नेटवर्क म्हणत असेल तर तुमचं दुखणं सापडलं. कंपनीचा कोड पण तिथेच असतो, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ११एबी म्हणजे मार्व्हल.

हे दोन्ही सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसलेत, त्यामुळे कार्डांची नावं लिनक्ससारखी ईटीएच० नसतात, ड्रायव्हरच्या नावावरून असतात. ईएम आणि आयजीबी म्हणजे इंटेलची गिगाबिट कार्डं, एफएक्सपी म्हणजे इंटेलचं जुनं १०० मेगाबिटचं, आरई म्हणजे रिअलटेक गिगाबिट, आरएल म्हणजे रिअलटेक १००, बीजीई म्हणजे ब्रॉडकॉम, एमएसके म्हणजे मार्व्हल, व्हीआर म्हणजे व्हीआयए, आणि यूई म्हणजे यूएसबीवालं. एवढी यादी वहीत उतरवून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागते.

६. लॅनकार्ड, म्हणजे मुख्य रोगी

कार्ड यादीत आहे पण ड्रायव्हर नाही. दोन शक्यता. एक, कार्ड फारच नवीन आहे, जुन्या पीसीत तसं क्वचित. दोन, कार्ड फारच जुनं आहे. फ्रीबीएसडी १३, जे एप्रिल २०२१ मध्ये आलं, त्यात जुन्या १०/१०० कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढूनच टाकले. म्हणजे जे कार्ड जुन्या व्हर्जनवर वर्षानुवर्षं चाललं ते अपग्रेडनंतर अचानक गायब होतं, आणि माणूस म्हणतो अपग्रेडने कार्ड जाळलं. कार्ड ठीक आहे, त्याला ओळखणारा कोणी उरला नाही. दुसरं कार्ड घ्या, यावर दुसरा उपाय शोधत वेळ घालवू नका.

कार्ड दिसतं, चालतं, पण लोड आला की पडतं. लॉगमध्ये वॉचडॉग टाइमआउट असा मेसेज येतो आणि लिंक डाउन, लिंक अप, लिंक डाउन असं चालू राहतं. माझं हेच होतं. वॉचडॉग टाइमआउट म्हणजे ड्रायव्हरने कार्डाला पॅकेट पाठवायला सांगितलं आणि ठरलेल्या वेळात कार्डाकडून झालं असं उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो. या क्रमाने जा,

पहिलं, हार्डवेअर ऑफलोड, म्हणजे प्रोसेसरचं काम कार्डावर टाकणं, बंद करा. पीएफसेन्समध्ये सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, नेटवर्किंग, आणि ओपीएनसेन्समध्ये इंटरफेसेस, सेटिंग्ज. चेकसम ऑफलोड (पॅकेटची तपासणी), टीएसओ (मोठी पॅकेट तोडणं) आणि एलआरओ (छोटी जोडणं), तिन्ही बंद. टीएसओ आणि एलआरओ राउटरवर तशीही बंदच हवीत, कारण ती दुसऱ्याची पॅकेट पुढे पाठवणाऱ्या मशीनसाठी बनलेलीच नाहीत. बंद केल्यावर रिबूट करा, नुसतं सेव्ह करून निकाल ठरवू नका.

दुसरं, कार्ड रिअलटेकचं असेल तर ड्रायव्हर बदलून बघा. फ्रीबीएसडीमधला आरई ड्रायव्हर काही चिप्सवर डळमळतो, पण कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर पीएफसेन्समध्ये पॅकेज म्हणून आणि ओपीएनसेन्समध्ये ओएस-रिअलटेक-आरई नावाच्या प्लगइनमध्ये मिळतो. पीएफसेन्समध्ये टाकल्यावर तो बूटला लोड व्हावा म्हणून लोडरच्या फाइलमध्ये ओळी घालाव्या लागतात, त्या इन्स्टॉल होताना स्क्रीनवरच येतात, तेवढ्या नीट कॉपी करून ठेवा. बऱ्याच जणांचा त्रास इथे संपतो.

तिसरं, इंटेलचं कार्ड घ्या. मी शेवटी हेच केलं. आणि आता कोणी विचारलं तर मी पहिल्या दिवशीच हे करायला सांगतो, कारण चांगल्या सेकंडहँड कार्डाने जे एका तासात होतं ते ट्यूनिंगने तीन आठवड्यांत झालं नाही.

पण कार्ड घेताना जपा. इंटेलच्या सर्व्हर कार्डांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, विशेषतः आय३५० च्या. नवीन कार्ड अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल तर सोडा, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं खरं कार्ड त्यापेक्षा बरं. कार्ड लावल्यावर ईईप्रॉम (कार्डावरची कायमची मेमरी) चेकसम बरोबर नाही असा एरर ईएम ड्रायव्हरने दिला तर आधी कार्ड काढून स्लॉट बदलून बघा, तरी तेच आलं तर कार्ड परत करा.

स्लॉटची गोष्ट. पीसीआय, म्हणजे जुना पांढरा लांब स्लॉट, ३२ बिट आणि ३३ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे कागदावर सेकंदाला १३३ एमबी, साधारण १०६६ मेगाबिट. आणि हे सगळ्या पीसीआय स्लॉटना मिळून. फायरवॉलमध्ये प्रत्येक पॅकेट एका कार्डातून आत येतं आणि दुसऱ्यातून बाहेर जातं, म्हणजे त्याच रस्त्यावरून दोनदा जातं, तेव्हा हातात निम्म्याहूनही कमी उरतं. गिगाबिटची दोन कार्डं पीसीआयमध्ये लावून गिगाबिट मिळत नाही म्हणून ड्रायव्हरला दोष देणारे खूप भेटतात. काही जुन्या बोर्डांचं ऑनबोर्ड लॅनसुद्धा आतून पीसीआयवरच असतं. पीसीआय एक्सप्रेसचा सगळ्यात छोटा स्लॉट, पहिल्या पिढीचा असला तरी, दर दिशेला २५० एमबी स्वतःचे देतो. तो असेल तर तोच वापरा. कनेक्शनच १०० एमबीपीएसचं असेल तर मात्र पीसीआय पुरेसं आहे, उगाच खर्च नको.

दोन किंवा चार पोर्टचं कार्ड बहुतेक वेळा पीसीआय एक्सप्रेसच्या एक्स४ लांबीचं असतं, ते ग्राफिक्सच्या लांब स्लॉटमध्ये बसतं. पण काही जुने बोर्ड त्या स्लॉटमध्ये काहीही लावलं की ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करतात, मग स्क्रीन काळी. बायोसमध्ये पहिलं ग्राफिक्स कुठलं हे ऑनबोर्डवर ठेवून मग कार्ड लावा. आणि काही बोर्ड त्या स्लॉटमध्ये ग्राफिक्सशिवाय काही चालूच देत नाहीत, तिथे इलाज नाही.

यूएसबी लॅनकार्ड फायरवॉलला कायमचं लावू नका. तात्पुरतं, इन्स्टॉल पुरं करायला, ठीक.

७. इंटरप्ट स्टॉर्म

मशीन काहीही काम नसताना गरम, वेब पेज संथ, आणि स्क्रीनवर इंटरप्ट स्टॉर्म डिटेक्टेड असा मेसेज, पुढे आयआरक्यूचा नंबर. इंटरप्ट म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक. जुन्या पीसीआयमध्ये एकाच ओळीवर तीन-चार चिप्स हाका मारतात, त्यातली एक बिघडली की ती थांबतच नाही आणि त्या ओळीवरचे बाकीचेही अडकतात.

व्हीएमस्टॅट मायनस आय द्या, प्रत्येक इंटरप्टचा दर दिसतो. नेट शांत असताना एखादी ओळ हजारोंनी पळत असेल तर तीच. तिच्यापुढे कोणाचं नाव आहे ते वहीत लिहा. मग आधी साधा उपाय, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा, कारण स्लॉट बदलला की इंटरप्टची ओळ बदलते. हे ऐकायला फारच साधं वाटतं पण यानेच सुटतं बऱ्याचदा. नाही सुटलं तर त्या ओळीवरची दुसरी गोष्ट, यूएसबी कंट्रोलर किंवा साउंड, बायोसमधून बंद करा. तरी नाही तर एचडब्ल्यू डॉट पीसीआय डॉट इनेबल अंडरस्कोर एमएसआय हे शून्य करून बघा, काही जुने चिपसेट एमएसआय (इंटरप्टची नवी पद्धत) असल्याचं सांगतात पण नीट पाळत नाहीत. कोणी एसीपीआयच (वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी बोर्डाची व्यवस्था) पूर्ण बंद करा सांगेल, ते मी सगळ्यात शेवटी ठेवीन, त्याने एक सुटतं आणि दुसरी चार बिघडतात.

८. केबल आणि स्पीड

गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर बरेचदा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. इफकॉन्फिग ही कमांड देऊन मीडियाची ओळ बघा. दोन्ही टोकांना ऑटो ठेवा. एका टोकाला जबरदस्तीने १०० फुल आणि दुसऱ्याला ऑटो केलं तर ऑटोवालं टोक हाफ, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलणं, धरून बसतं आणि मग स्पीड रडतो. नेटस्टॅट मायनस आय मध्ये एरर आणि कोलिजनचे आकडे वाढत असतील तर आधी केबल बदला, मग पोर्ट, मग कार्ड.

९. डिस्क

स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, काढा. रीअलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदला. यूडीएमए सीआरसी एरर वाढत असेल तर डिस्क बहुतेक चांगली आहे, साटाची केबल खराब आहे. छोटा एसएसडी टाकला तर उत्तमच. लॉग लिहिणारा फायरवॉल साध्या पेनड्राइव्हवर कायमचा चालवू नका, ती झिजून मरते.

१०. हार्डवेअर वाटतं पण हार्डवेअर नसतं

सगळ्यात मोठा सापळा, मोडेम-राउटर पण १९२.१६८.१.१ आणि फायरवॉलची लॅन (घरची) बाजू पण १९२.१६८.१.१. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क असल्यावर पॅकेटला कुठे जायचं ते कळत नाही, नेट येत नाही, आणि लोक कार्ड बदलतात. लॅन १९२.१६८.५०.१ असं काहीतरी वेगळं करा.

दुसरा, नवीन कार्ड लावलं की नंबर सरकतात. काल जे ईएम० होतं ते आज ईएम१ होऊ शकतं, म्हणजे वॅनची (बाहेरच्या इंटरनेटची) केबल लॅनमध्ये. कन्सोलवर १ नंबरने इंटरफेस परत नेमा, ऑटो-डिटेक्ट वापरा, केबल एकेक करून लावा, आणि कुठला पोर्ट कुठला ते डब्याच्या मागे चिकटपट्टीवर लिहून टाका. माझ्या डब्यावर अजून तीच पट्टी आहे.

तिसरा, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या मोडेमला जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (लॅनकार्डाचा स्वतःचा नंबर) पाठ असतो. नवं मशीन जोडलं की तो आयपीच देत नाही. मोडेम काही मिनिटं बंद ठेवून चालू करा, तरी नाही मिळाला तर जुना मॅक वॅनला द्या.

११. बदल टिकवा आणि मग खरी परीक्षा घ्या

लोडर प्रॉम्प्टवर दिलेलं सेटिंग त्या एका बूटपुरतंच असतं. पीएफसेन्समध्ये ते बूट फोल्डरमधल्या लोडर डॉट कॉन्फ डॉट लोकल या फाइलमध्ये घाला, नुसत्या लोडर डॉट कॉन्फमध्ये नको, ती सिस्टिम स्वतः परत लिहिते. ओपीएनसेन्समध्ये सिस्टिम, सेटिंग्ज, ट्यूनेबल्समध्ये.

परीक्षेसाठी आयपर्फ, हे नेटवर्कचा वेग मोजणारं टूल, वापरा, पण फायरवॉलवर नाही. एक मशीन वॅन बाजूला, एक लॅन बाजूला, आणि ट्रॅफिक फायरवॉलमधून आरपार जाऊ द्या. फायरवॉलवरच आयपर्फ चालवलं तर जुना प्रोसेसर आयपर्फमध्येच दमतो आणि आकडा खोटा येतो. एक तास दोन्ही दिशांनी चालवा, मग डीमेसेज आणि व्हीएमस्टॅट परत बघा. नवीन ओळ आली नसेल तर मशीन व्यवस्थित शटडाउन करा, प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा, कीबोर्ड-मॉनिटर न जोडता. आपोआप उभं राहून नेट आलं आणि तारीख बरोबर असली की मगच ते कपाटामागे सरकवा.

आणि एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल तर नुसतं नेट जातं असं विचारू नका. बोर्डाचं मॉडेल, प्रोसेसर, रॅम, कार्डाची पीसीआयकॉन्फमधली ओळ, सॉफ्टवेअरचं नेमकं व्हर्जन, कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे, नेट जातं तेव्हाच्या लॉगच्या वीस ओळी, आणि तुम्ही आत्तापर्यंत काय काय बदललं ते वहीतून जसंच्या तसं. लॉग टाकताना स्वतःचा बाहेरचा आयपी आणि पासवर्ड तेवढे खोडा, बाकी काही कापू नका, कारण बरेचदा जी ओळ आपल्याला बिनकामाची वाटते तिच्यातच कारण असतं.